हिरवी मागवली की विटकरी जाते

सक्करदरा, नागपूर
४ जानेवारी १९७९

ती. पुष्पलतामावशीस जागेश्वरचा नमस्कार.

तुझा भाचा आता अधिकारी झाला आहे हे तुला आईकडून कळलंच असेल, तरी माझ्या हातचं कळावं म्हणून लिहितो. 'उद्यम विणकर सहकारी संस्था' या आमच्या संस्थेत मी प्रशिक्षण अधिकारी आहे. दारावर पाटी आहे. पाटीवर नाव खडूने लिहिलेलं आहे, कारण नेमणूक ३१ मार्चपर्यंतची. तोवर काम चोख झालं तर नोकरी पक्की आणि पाटी रंगवून. नाही झालं तर मी तुझ्या अंगणात उमरेडला.

काम असं आहे. दिवाळीपासून गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी येत आहेत. हिरवी साडी मागवली की विटकरी जाते, विटकरी मागवली की हिरवी. गठ्ठेच्या गठ्ठे परत येतात. मागणीप्रमाणे साड्या रचून गठ्ठे बांधतात त्या बांधणीच्या खोलीत सात बायका आहेत, त्यांना रंग ओळखता येत नाहीत असं संचालक मंडळाचं मत झालं आहे. त्या सुधारल्या नाहीत तर बांधणीचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला जाणार. म्हणून आमचे व्यवस्थापक बाबनराव साहेब यांनी मला 'रंगज्ञान वर्ग' घ्यायला सांगितलं आहे. दहा दिवसांचा, १२ मार्चपासून. मी आराखडा तयार केला. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष गोपाळराव येणार. प्रमाणपत्रंही छापून आली! बायका सात आहेत, पण छापखानेवाला साठाच्या खाली हात लावत नाही, म्हणून साठ आहेत.

तुझ्या शिवणवर्गात रंगीत कापडाच्या चिंध्या खूप असतात. त्यातल्या पिशवीभर पाठव. पुण्याच्या प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात आम्हाला सांगितलं होतं की शिकवताना डोळ्यांसमोर वस्तू असावी.

तुझा,
जागेश्वर (प्रशिक्षण अधिकारी)

———

उमरेड
९ जानेवारी १९७९

चि. जागेश्वर (प्रशिक्षण अधिकारी) यास आशीर्वाद.

कंसातलं वाचून ऊर भरून आला. आता पुढचं ऐक.

माझ्या वर्गात तीस वर्षांत किती मुली शिवण शिकून गेल्या ते मला मोजता यायचं नाही, पण माप न घेता झबलं शिवणारी एकही नव्हती. तू मात्र झबलं शिवलंस, इस्त्री केलीस, प्रमाणपत्र छापलंस, आणि आता पोर शोधतो आहेस. त्या सात बायकांना रंग कळत नाहीत हे तुला कोणी सांगितलं? मंडळाने. मंडळाला कोणी सांगितलं? साहेबांनी. तू एकीला तरी विचारलंस का रे?

मागे माझ्याकडे प्रमोदिनी नावाची मुलगी होती. तिची शिलाई दर वेळी डावीकडे पळायची. मी महिनाभर तिला सरळ रेघा मारायला लावल्या, बोलले, एकदा रडवलंसुद्धा. एके दिवशी तिच्या जागेवर मी बसले तर माझीही शिलाई डावीकडे! टेबलाचा एक पाय आखूड होता. पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवला आणि प्रमोदिनी एका मिनिटात हुशार झाली. महिनाभर मी शहाण्या मुलीला शहाणपण शिकवत होते, याची मला अजून लाज वाटते.

म्हणून आधी बघ की अडतंय कुठे आणि कोणाचं. शिकवणं त्यानंतर. तोवर चिंध्या मिळणार नाहीत.

मावशी

———

सक्करदरा
२० जानेवारी १९७९

ती. मावशीस नमस्कार.

तू म्हणतेस त्याला आमच्यात 'प्रशिक्षणाच्या गरजांचे विश्लेषण' म्हणतात. पुण्यात त्यावर पूर्ण तीन दिवस होते. त्यातल्या दुसऱ्या दिवशी मला ताप होता, पण पद्धत मला ठाऊक आहे. मी चार पानांची प्रश्नावली काढली आणि सातही जणींना वाटली. मुख्य प्रश्न हा होता: 'आपणांस कोणत्या विषयाचे प्रशिक्षण घेणे आवश्यक वाटते?'

उत्तरं आली आहेत. बायजाबाईला स्कूटर चालवायला शिकायचं आहे. (घरी स्कूटर नाही. तिचं म्हणणं, शिकलेली असली म्हणजे आली की लगेच बसता येईल.) दोघींना पेटी वाजवायची आहे. एकीला पोहायला शिकायचं आहे आणि वर्ग सक्करदऱ्याच्या तलावातच घ्यावा अशी सूचना आहे. प्रयागबाईने लिहिलं आहे की सुनेला स्वयंपाकाचं प्रशिक्षण द्यावं, सून उद्या पाठवते. एकीने चारही पानांवर फक्त सही केली आहे, आणि ती फार सुरेख आहे.

सातवी पंचफुला. ती या सगळ्यांची म्होरकी. तिने लिहिलं: 'आम्हाले काही नको. ज्याले पाहिजे त्याले सांगता येत नाही.' यावरून माझा निष्कर्ष असा, की तिचा नवरा काहीतरी चुकीचं वागत असावा आणि ती संकोची आहे.

रंगांबद्दल एकीनेही अवाक्षर लिहिलं नाही. म्हणजे आपल्याला रंग कळत नाहीत हेच त्यांना कळत नाही. अशा अज्ञानावर वर्ग हाच उपाय. बाबनराव साहेबांना मी हे सांगितलं, ते खूश झाले. माणूस मोठा मनाचा आहे. पूर्वी हिशेबाच्या खोलीत होते, दिवाळीत बढती मिळाली, आणि तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्यावरून शेवटचा हात स्वतः फिरवतात. असा साहेब मिळायला भाग्य लागतं.

चिंध्या?

जागेश्वर

———

उमरेड
२५ जानेवारी १९७९

चि. जागेश्वर,

तुझं पत्र शेजारच्या सिंधूताईंना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना उचकी लागली. त्यांनाही पेटी शिकायची आहे, नाव लिहून घे.

चार पानं छापून 'काय शिकायचंय' विचारलंस तर कोणीही जे आवडतं तेच सांगणार. मला विचारलं असतंस तर मी विमान सांगितलं असतं. कागद बाजूला ठेव आणि काम चाललेलं बघ. हात काय करतात ते बघ. आणि एवढं सांग: निळी मागवली तर निळीच जाते का? पिवळी? का फक्त हिरव्या-विटकरीचाच घोळ आहे?

पंचफुलाच्या नवऱ्याला उगीच बदनाम करू नकोस. ते वाक्य मला नवऱ्याबद्दल वाटत नाही.

मावशी

———

सक्करदरा
५ फेब्रुवारी १९७९

ती. मावशीस नमस्कार.

निरीक्षण केलं. धक्का बसेल, बसून वाच.

मी घड्याळ आणि वही घेऊन बांधणीच्या खोलीत पूर्ण दिवस उभा राहिलो आणि मिनिटामिनिटाची नोंद केली. सात बायका दिवसभरात चौदा वेळा चहा करतात! चौदा! मधे दोनदा पोहे. एकदा संत्री सोलण्यात पाव तास. गप्पा जवळजवळ अखंड, आणि त्या गप्पांचा विषय माझं लग्न. प्रत्यक्ष बांधणी पाऊण तास. पंचफुला तर हात जोडून उभीच होती, म्हणाली, "तुमी उभे राहून राहिले अन् आमी बसून काम करावं का जी?"

रोग सापडला, मावशी. आळस. रंगज्ञान वर्गाला मी 'वेळेचे मोल' हा विषय जोडतो आहे. साहेबांनी संमती दिली. ते स्वतः चहाला हातही लावत नाहीत. संध्याकाळी येतात, मागणीची चिठ्ठी हातात घेतात, गठ्ठा तपासतात, दोन-चार साड्या इकडच्या तिकडे करून तो बिनचूक करतात, स्वतः सुतळी बांधतात आणि लाखेचं सील मारतात.

तू विचारलंस म्हणून तक्रारींची फाइल पाहिली. निळी, पिवळी, जांभळी कधीच चुकलेली नाही. फक्त हिरव्यातली शेवाळी, मेंदी आणि त्यांच्या जागी विटकरी, काथ्या. हे विचित्र आहे, पण आळसाचेही प्रकार असतात.

जागेश्वर

ता. क. चौदा कप चहामुळे मला दोन रात्री झोप नाही.

———

उमरेड
९ फेब्रुवारी १९७९

अरे शहाण्या,

पाहुणा दारात उभा असताना कोणती बाई सुतळी वळत बसेल? चौदा चहा तुझ्यासाठी झाले आणि तूच प्यालास. पोहेही तुझ्यासाठीच. सात जणींनी दिवसाचं काम बुडवून तुझं आदरातिथ्य केलं आणि तू वहीत 'आळस' लिहिलंस! खोड ते आधी. तू जाण्याआधी त्या किती चहा पितात ते विचार, बहुतेक एक निघेल.

वही-घड्याळ घरी ठेव. खाली बस, सुतळी हातात घे, गाठी मार. काम करणाऱ्याला कोणी पाहुणा मानत नाही. आठ दिवस तसा बस.

आळशी हाताची चूक सगळ्या रंगांत होते. दोनच रंगांत होत नाही.

बरोबर चिंध्यांची पिशवी पाठवते आहे. एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे. त्यात चाळीस रंग आहेत. एकेक तुकडा दाखवून बायकांना नाव विचार. शिकवू नकोस, नुसतं विचार.

मावशी

———

सक्करदरा
१९ फेब्रुवारी १९७९

ती. मावशीस नमस्कार.

'आळस' खोडला. चहा एकच असतो, दुपारी तीनला.

आठ दिवस खाली बसून गाठी मारल्या. पहिले दोन दिवस माझ्या गाठी बायजाबाई गुपचूप सोडून पुन्हा मारत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता जमून राहिलं गा तुले." तुला खोटं वाटेल, पण पुण्याच्या प्रमाणपत्रापेक्षा मला याचा जास्त आनंद झाला.

मग चिंध्या काढल्या. चाळीस तुकडे. सातही जणींनी चाळीसच्या चाळीस नावं सांगितली, आणि एका तुकड्यासाठी दोघी भांडल्या, कारण एकीच्या मते तो कच्च्या जांभळाचा रंग होता आणि दुसरीच्या मते पिकल्या. मला स्वतःला सव्वीस आले. हिरव्याच त्यांना सात तऱ्हेच्या माहीत आहेत: शेवाळी, मेंदी, पोपटी, मुगी, आणखी तीन मी विसरलो. दिवा विझवून खिडकीच्या उजेडात विचारलं, तरी तेच.

म्हणजे त्यांना वर्गाची काडीची गरज नाही. मावशी, मग चुका होतात कुठे? मी फाइल पुन्हा उघडली. पहिली तक्रार दिवाळीच्या पुढच्या आठवड्यातली. त्याआधी वर्षानुवर्षं एकही नाही. म्हणून मी दिवाळीत काय बदललं ते शोधलं आणि मला सापडलं: खोलीत नवी ट्यूबलाइट बसवली आहे! ट्यूबच्या उजेडात रंग फिके दिसतात. मी काल ती काढून जुना बल्ब लावला. शॉक बसला, पण थोडाच.

बायकांनाही विचारलं, "दिवाळीपासून इथे नवीन काय आलं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रयागबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "दिवाळीले जावई येतेच ना जी." याचा इथे काय संबंध, मला कळलं नाही. बल्ब लावल्यापासून दोन गठ्ठे गेले आहेत. बघू.

जागेश्वर

———

उमरेड
२३ फेब्रुवारी १९७९

जागेश्वर,

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बल्ब कसला बदलतोस? ट्यूब परत लाव, बायकांचे डोळे फोडशील.

जावई कोण ते विचार. त्यांच्या मोहल्ल्याचा जावई कोण आहे?

आणि गठ्ठा बायकांच्या हातून सुटल्यावर त्याचं काय होतं ते एकदा डोळे उघडे ठेवून बघ. तू स्वतःच पाच तारखेच्या पत्रात लिहून बसला आहेस. घरी पत्राची नक्कल ठेवत असशील तर वाच.

मावशी

———

सक्करदरा
२७ फेब्रुवारी १९७९

ती. मावशीस,

मी नक्कल ठेवतो. वाचली. 'दोन-चार साड्या इकडच्या तिकडे करून तो बिनचूक करतात.' हे मीच लिहिलं होतं, आणि कौतुकाने!

काल चिठ्ठी होती सहा शेवाळी, चार विटकरी. बायकांनी बरोबर सहा आणि चार रचल्या, मी स्वतः मोजल्या. संध्याकाळी बाबनराव साहेब आले. चष्मा पुसला. गठ्ठा पाहिला, मान हलवली, दोन शेवाळी काढून तिथे दोन विटकरी घातल्या, आणि मला म्हणाले, "पाह्य जागेश्वर, माह्यी नजर नसती तं आज पुन्हा चुकली असती यायची." सुतळी, लाख, सील. सातही जणी जमिनीकडे बघत होत्या.

ते गेल्यावर मी पंचफुलाला धरलं. "तुम्हाला दिसत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलत काहून नाही तुम्ही?"

"थे जावई आहेत जी आमचे. त्याईची बायको वच्छलाबाई आमच्याच गल्लीतली. मायाच मांडीवर वाढली थे. जावयाले 'तुमी चुकले' असं म्हनते का कोनी?"

"अहो, कंत्राटदार येईल! तुमचं काम जाईल!"

"गेलं तं जाईन. दुसरं पाहू. पन जावयाचा पानउतारा झाला तं वच्छला माहेरी कोन्या तोंडानं येईन?"

आता माझी अवस्था पाहा. वर्गाची गरज नाही असा अहवाल लिहिला, तर प्रशिक्षण अधिकाऱ्याचीही गरज नाही. साहेबांचं नाव लिहिलं, तर माझी नोकरी पक्की करणारे तेच साहेब. काहीच न लिहिता वर्ग घेतला, तर चाळीस रंग जाणणाऱ्यांना सव्वीसवाला शिकवणार, चुका चालू राहणार, आणि या बायका घरी जाणार. त्या मला आता जेवणाच्या डब्यातलं वाढतात, मावशी. मला भीती वाटते. खडूची पाटी पुसायला एक फडकं पुरतं. काय करू?

जागेश्वर

———

उमरेड
३ मार्च १९७९

माझ्या लेकरा,

या वेळी कंसात काही लिहिलं नाहीस, म्हणून मीही चिडवत नाही.

अहवाल नंतर लिही. आधी साहेबांना एकट्याला गाठ आणि सांग. चारचौघांत नाही, कागदावर नाही. ते मुद्दाम करत नाहीत. कोणी सांगितलंच नाही तर माणसाला कळणार कसं? त्या बायका जावई म्हणून बोलू शकत नाहीत. तुझा ते कोणी लागत नाहीत. सगळ्या संस्थेत बोलायची सोय असलेला तू एकटाच आहेस.

नोकरी गेली तर गेली. मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू. तुझ्या आईला मी मोठ्या तोंडाने सांगत असते की आमचा जागेश्वर अधिकारी आहे. पण शिलाई डावीकडे पळते हे ठाऊक असून गप्प बसणारा भाचा मला नको. इथे तुझ्यासाठी एक मशीन रिकामं आहे आणि ज्वारीची भाकरी कुठे जात नाही.

तुझी,
मावशी

———

सक्करदरा
३० मार्च १९७९

ती. मावशीस नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. सगळं क्रमाने सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोन चिंध्या घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो आणि दार लावलं. एक शेवाळी, एक विटकरी. "साहेब, यांत फरक काय?"

"एकाच थानातले तुकडे आहेत. मले येडा समजतं का गा?"

मी सांगितलं. दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं. साहेब लाल झाले (हा रंग मला ओळखता येतो). तुकडे घेऊन तडक बांधणीच्या खोलीत गेले. "काहून वं, हे दोनी सारखेच आहेत ना?"

सातही जणी एका सुरात: "हाव जावईबापू, एकदम सारखे!"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात उमरेडच्या गाडीत बसलो. तरी म्हणालो, "साहेब, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन मला खोटं पाडा." तेवढ्यासाठीच ते आले. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं, ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. साहेब म्हणाले, छपाई खराब आहे. डॉक्टरांनी दुसरं पुस्तक आणलं. साहेब म्हणाले, हेही त्याच छापखान्यातलं. तेवढ्यात बाकावर बसलेली एक अनोळखी म्हातारी लांबूनच घडाघड आकडे वाचायला लागली. ती त्यांच्या सासुरवाडीची नव्हती. साहेबांनी पुस्तक मिटलं. डॉक्टर म्हणाले, हे जन्मापासूनचं आहे, औषध नाही आणि शिकून येतही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्ग पुढे ढकलला. मी अहवाल लिहिला, एकाच ओळीचा: 'रंगज्ञान प्रशिक्षणाची गरज आढळली नाही.' नाव कोणाचंच घातलं नाही. २० तारखेला संचालक मंडळ बसलं. अध्यक्ष गोपाळराव म्हणाले, "गरज नाही? मंग गठ्ठे काय भुतं बदलून राहिले का?" आणि बाबनराव साहेब उठले. मंडळावरचे सासऱ्यांच्या गल्लीतले सगळे म्हातारे समोर बसलेले, आणि ते म्हणाले, "बदलून मी राहिलो होतो. मले हिरवं अन् विटकरी येगळं दिसत नाही. बायायचा काही दोष नाही."

दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या सातही जणी आत घुसल्या. "नाही जी! जावईबापूचं काही चुकलं नाही! आमचंच चुकलं असन!"

"तुमी बाहेर बसा वं!" गोपाळराव ओरडले, पण डोळे त्यांचेही ओले होते.

ठराव झाले. कंत्राटदार रद्द. वर्ग रद्द. तपासणीची वाटणी झाली: रंग बायका बघणार, आणि साहेब विणीतले दोष बघणार, कारण तुटलेला धागा त्यांना दहा हात लांबून दिसतो, तो सातही जणींना दिसत नाही. सातही जणींना वर्ग न घेताच प्रमाणपत्र दिलं. पंचफुलाने तिचं बांधणीच्या खोलीत मुद्दाम उलटं टांगलं आहे, ते सरळ करायची माझी छाती नाही. आणि शेवटचा ठराव, प्रशिक्षण अधिकारी हे पद ३१ मार्चपासून रद्द. मी स्वतःच उठून पाटी पुसायला निघालो होतो. साहेब म्हणाले, "थांब गा. मले गांधीबागेत रंगाचे नमुने घेऊन फिरा लागते. मले डोळे पाहिजेत, तुले नोकरी पाहिजे." मी विक्री सहायक झालो, मावशी. पद लहान आहे, पण पक्कं आहे. आईला तूच सांग.

पण पत्र लिहायचं खरं कारण पुढेच आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला घरी जेवायला नेलं. ते हात धुवायला गेले तेव्हा वच्छलाबाईंनी ट्रंक उघडून दाखवली. आत सतरा साड्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी हिरवी साडी मागितली होती. तेव्हापासून साहेब दर दिवाळीला संस्थेच्या दुकानातून स्वतः निवडून 'हिरवी' आणतात. सतराही विटकरी. दुकानातल्या बायकाही जावयाला काय सांगणार!

मी विचारलं, "ताई, तुम्ही एकदाही बोलल्या नाहीत?"

"बोलली असती तं त्याईनं आननंच बंद केलं असतं."

एवढ्यात साहेब आले. ट्रंक उघडी होती. त्यांनी मला विचारलं, "कोनता रंग आहे गा?" माझी नोकरीच ती. म्हणालो, "विटकरी." "सगळ्या?" "सगळ्या, साहेब." ते जेवलेच नाहीत नीट. उठताना म्हणाले, उद्या पाडवा, उद्या खरी हिरवी आणायची, तू संग चाल.

निघताना मी दारात वच्छलाबाईंना हळूच एक गोष्ट विचारून घेतली.

पाडव्याला संस्थेच्या दुकानात गर्दी म्हणून मदतीला आलेली पंचफुला साड्या काढून दाखवत होती. साहेबांनी एक उचलली. "हे हिरवी ना वं?"

"हाव जावईबापू. हिरवीगार!"

साहेब माझ्याकडे वळले. "जागेश्वर?"

"विटकरी, साहेब."

"मंग हिरवी काढ."

"नको साहेब. ताईंना हीच हवी आहे. सतरा वर्षं नेसून त्यांना आता विटकरीच आवडते."

"तुले कसं ठाऊक?"

"काल मी विचारलं."

साहेबांनी ती साडी उलगडली आणि पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाले, "सतरा वर्षांत मी एकदाबी नाही विचारलं गा."

आम्ही अठरावी विटकरी घेतली. घरापर्यंत ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही, स्वतःच नेली.

तुझा,
जागेश्वर